सातपैकी किती?

तंबाखूचं जुनं गोदाम होतं ते,
आता विद्यापीठाचं आहे.
विटा तशाच ठेवल्यात, खिडक्या तेवढ्या नव्या.
दमट दिवसांत तिसऱ्या मजल्यावरच्या फळ्या
अजून तो गोडसर, उग्र वास सोडतात
आणि त्या वासात बसून मार्लिस हेजकॉक
चारित्र्य शिकवते.

दोन वर्षांची फेलोशिप.
दारावरची पाटी चिकटपट्टीनं लावलेली;
खिळा ठोकावा इतकी मुदत इथे कुणाला मिळत नाही.
मंगळवारी, गुरुवारी वर्ग: धैर्य, विनय, सचोटी,
एकेका सद्गुणाला दीड आठवडा,
क्षमेला जरा कमी, कारण मध्ये सुट्टी येते.
उरलेले दिवस संशोधन.
‘मी दिलेला शब्द पाळतो’:
एक म्हणजे मुळीच नाही, सात म्हणजे नेहमीच.
माणसं बहुधा सहावर खूण करतात.
सहा हा मोठा सोयीचा आकडा,
त्यात सचोटीही बसते आणि विनयही.

व्हर्नीस टिलीनं मात्र चारवर केली.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवते.
नेतृत्वावर बोलायला बोलावलं म्हणून
स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावून आलेली.
‘एखादा कठीण प्रसंग?’
‘रस्त्यावर बर्फ होतं. उताराच्या तोंडाशी थांबले.
पोरं ओरडत होती, मागचे भोंगे वाजवत होते.
चावी काढून खिशात घातली.’
‘मग?’
‘मग काय. थांबले.’
यापुढे बावीस सेकंद
रेकॉर्डिंगमध्ये नुसता पंखा ऐकू येतो.

रकान्यांत दूरदृष्टी होती, निर्णयक्षमता होती,
प्रेरणा देणं होतं.
थांबणं नव्हतं.
मार्लिसनं ‘इतर’ लिहिलं
आणि पेन्सिल बराच वेळ हातातच राहिली.

फेब्रुवारीत, रात्री साडेनऊला,
ओडेल फल्प कचऱ्याची टोपली रिकामी करून गेल्यावर,
चौथ्या तक्त्यात तिला ते दिसलं:
सतरा माणसं दोनदा मोजली गेली होती.
ती सतरा काढली
तर इतका देखणा चढणारा आलेख
गुडघ्यात वाकतो.
निबंध छापायला गेलेला.
मुदतवाढीची बैठक मे महिन्यात.
तिनं उठून पाणी प्यायलं, पुन्हा बसली,
पुन्हा मोजलं.
सतराच.

लगेच तिनं पत्र लिहिलं, असं मला सांगता आलं असतं.
नाही लिहिलं.
बुधवारी नाही. गुरुवारीही नाही.
गुरुवारी वर्गात सचोटीवर बोलली,
आणि चांगली बोलली,
मागच्या रांगेतला ब्रायसन
पहिल्यांदाच फोन पालथा ठेवून ऐकत होता.
तेच तिला सोसलं नाही.

मराठीत चरित्र आणि चारित्र्य यांत
एक काना आणि जोडलेला एक य, एवढंच अंतर.
तिला मराठी येत नाही.
पण ते तीन दिवस त्या कान्यासारखेच होते,
उभे, बारीक,
आणि पलीकडे जायला अंग चोरावं लागणारे.

शुक्रवारी दुपारी पत्र गेलं. पाच ओळी.
सहावी ओळ कारणांची होती, ती तिनं खोडली.
उत्तर सभ्य आलं, निबंध मागे घेतल्याचं आलं.
मे महिन्याबद्दल कुणी काही बोललं नाही,
कॉफीच्या यंत्रापाशीसुद्धा.

पुढच्या मंगळवारी तिनं वर्गात सगळं सांगितलं,
सतरा माणसं, तीन दिवस, खोडलेली ओळ.
ब्रायसननं हात वर केला:
‘मग तुम्ही स्वतः सातपैकी किती, प्रोफेसर?’
कुणीतरी हसलं. कुणीतरी हसणाऱ्याकडे पाहिलं.

खाली रस्त्यावर पिवळी बस उभी होती,
कुशीतून लाल फलक बाहेर काढून,
आणि दोन्ही बाजूंची वाहनं
तिच्यातून उतरणाऱ्या एका मुलीसाठी खोळंबलेली.
मुलीच्या बुटाची नाडी सुटली होती.
ती वाकून बांधत होती, सावकाश.

‘थांब,’ मार्लिस म्हणाली,
आणि खरंच मोजू लागली.